छोट्या देशांची जमेची बाजू

जगातील अगदी लहान देशांचे आणि प्रदेशांचे अर्थसंकल्प वाचण्याचा मला नाद आहे. खर्चाची बाजू सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखीच असते. शाळा, दवाखाना, डिझेल, धक्क्याची दुरुस्ती आणि सरकारी नोकरांचे पगार यांत बहुतेक पैसा संपतो. खरी गंमत जमेच्या बाजूला असते. फॉकलंड बेटांचे सरकार मुख्यतः माकूळ (स्क्विड) पकडण्याच्या परवान्यांवर चालते. अँग्विला या जेमतेम सोळा हजार वस्तीच्या कॅरिबियन बेटाने २०२३ मध्ये सरकारी महसुलाचा पाचव्या हिश्शाहून अधिक भाग ‘.एआय’ने संपणाऱ्या इंटरनेट पत्त्यांच्या नोंदणीतून मिळवला. सेंट किट्स आणि नेव्हिस नागरिकत्व विकतो, मार्शल बेटे परक्या जहाजांना आपला झेंडा लावू देण्याचे शुल्क घेतात, आणि सुमारे पन्नास माणसांच्या पिटकेर्न बेटाने कित्येक वर्षे टपाल तिकिटांच्या विक्रीवर गुजराण केली.

या यादीतली एकही गोष्ट कारखान्यात तयार होत नाही. दहा-वीस हजार लोकांच्या बेटावर कारखाना टाकला तरी माल खपणार कुठे, हा प्रश्न आहे. बाजारपेठ हजारो किलोमीटर लांब, कच्चा माल बाहेरून आणायचा आणि जहाज येणार महिन्यातून एखाददुसरे. उद्योगधंद्याच्या नेहमीच्या हिशेबात हे देश बसतच नाहीत. आंतरराष्ट्रीय कायदा मात्र आकार पाहत नाही. सव्वीस चौरस किलोमीटरच्या तुवालूला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत एक मत आहे आणि चीनलाही एकच आहे. सागरी कायद्याविषयीच्या १९८२ च्या करारानुसार वस्तीयोग्य बेटाभोवती २०० सागरी मैलांचे अनन्य आर्थिक क्षेत्र, म्हणजे जिथल्या माशांवर आणि इतर संपत्तीवर फक्त त्या देशाचा हक्क असतो असा समुद्र, आखता येते. आसपास दुसरी जमीन नसेल, तर एखाद्या टिंबाएवढ्या बेटालाही या हिशेबाने सव्वाचार लाख चौरस किलोमीटरहून अधिक समुद्र मिळतो. टेलिफोनचा देशसंकेतांक, इंटरनेटवरची दोन अक्षरे, पारपत्र छापण्याचा अधिकार, स्वतःचा करकायदा, जहाजांची नोंदवही ही सगळी देशपणाबरोबर येणारी सामग्री आहे. माझे म्हणणे असे, की छोट्या देशांचा खरा व्यापार या देशपणाचाच आहे, आणि म्हणूनच त्यांचे वैभव व त्यांची विवंचना या दोन्ही गोष्टी एकाच जागी शोधाव्या लागतात. पूर्ण स्वातंत्र्य लागतेच असेही नाही. फॉकलंड आणि अँग्विला ब्रिटनच्या ताब्यातले प्रदेश आहेत. स्वतःचा कायदा आणि नकाशावर वेगळे नाव एवढ्या भांडवलावर त्यांचे भागते.

फॉकलंडचे उदाहरण या दृष्टीने सर्वांत स्वच्छ आहे. अर्जेंटिनाशी झालेल्या १९८२ च्या युद्धापूर्वी ही बेटे मेंढ्यांच्या लोकरीवर जगत होती, मोठी कुरणे बव्हंशी ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मालकांची होती, आणि लोकसंख्या हळूहळू घटत चालली होती. युद्धानंतर सरकारने ही कुरणे विकत घेऊन, त्यांचे तुकडे पाडून ती तिथल्याच कुटुंबांना दिली. पण नशीब फिरले ते जमिनीमुळे नव्हे. १९८६ च्या अखेरीस बेटांभोवती मासेमारीचे संरक्षित क्षेत्र जाहीर झाले, १९८७ पासून स्पेन, कोरिया, तैवान अशा ठिकाणच्या बोटींना शुल्क घेऊन परवाने देणे सुरू झाले, आणि सरकारचे उत्पन्न अल्पावधीत कित्येक पटींनी वाढले. ज्या माकुळांसाठी त्या बोटी आधीपासून फुकट येत होत्या, त्यांच्यासाठीच त्या आता पैसे मोजू लागल्या. आज सुमारे साडेतीन हजार लोकांचा हा प्रदेश संरक्षण सोडल्यास आपला सगळा खर्च स्वतः भागवतो. अडचण एवढीच, की माकुळाचे आयुष्य साधारण एका वर्षाचे असते. एखाद्या वर्षी पुरेशी पिल्ले जगली नाहीत, तर पुढच्या हंगामाची जमा कोसळते. म्हणून तिथले सरकार चांगल्या वर्षांतला पैसा राखीव निधीत टाकते.

प्रशांत महासागरातल्या देशांना हाच धडा गिरवायला बराच वेळ लागला. त्यांच्या पाण्यात ट्यूनाचे अफाट साठे होते; पण परदेशी बोटींशी प्रत्येक देश एकेकटा वाटाघाटी करी, आणि एकाने भाव वाढवला की बोटी शेजारच्या पाण्यात जात. १९८२ मध्ये किरिबाटी, मायक्रोनेशिया, मार्शल बेटे, नाउरू, पलाऊ, पापुआ न्यू गिनी, सॉलोमन बेटे आणि पुढे त्यांना येऊन मिळालेला तुवालू अशा आठ देशांच्या गटाने नाउरू करार केला. त्याची खरी ताकद दिसली ती मात्र पाव शतकानंतर, जेव्हा पर्ससीन, म्हणजे माशांचा थवा मोठ्या जाळ्याने वेढून पकडणाऱ्या, बोटींसाठी त्यांनी मासेमारीचे दिवसच विकायला काढले. पद्धत साधी आहे. वर्षभरात सगळ्यांच्या पाण्यात मिळून किती दिवस मासेमारी होऊ द्यायची, हे आधी ठरते, मग ते दिवस देशांमध्ये वाटले जातात, आणि बोटमालकाला मासे मिळोत वा न मिळोत, पाण्यात घालवलेल्या दिवसाचे पैसे भरावे लागतात. पन्नास मीटरहून आखूड बोटीचा एक दिवस अर्धा धरतात आणि ऐंशी मीटरहून लांब बोटीचा दीड. २०१२ मध्ये दिवसाचा किमान भाव पाच हजार अमेरिकी डॉलर ठरला आणि तो काही वर्षांत आठ हजारांवर गेला. या व्यवस्थेतला मला सर्वांत आवडणारा भाग वेगळाच आहे. एल निनोच्या वर्षी ट्यूनाचे थवे पूर्वेकडे किरिबाटीच्या बाजूला सरकतात. अशा वर्षी पश्चिमेकडच्या देशाला आपले न वापरलेले दिवस दुसऱ्या सदस्याला देता येतात, त्यामुळे मासा कुणाच्याही पाण्यात गेला तरी गटाचा भाव पडत नाही. तेल निर्यातदारांच्या संघटनेची सगळे वाखाणणी करतात. एकमेकांपासून हजार-हजार मैल दूर असलेल्या या आठ जणांनी केलेली एकजूट मला त्याहून अवघड वाटते.

इंटरनेटच्या पत्त्यांची गोष्ट यापुढे लॉटरीसारखी वाटते. देशांच्या दोन अक्षरी संकेतांची आंतरराष्ट्रीय यादी होती, तीच पत्त्यांसाठी वापरली गेली, आणि तुवालूच्या वाट्याला दूरचित्रवाणीशी जुळणारी अक्षरे आली. शतक पालटताना एका अमेरिकी कंपनीने बारा वर्षांत पाच कोटी डॉलर देण्याच्या बोलीवर ‘.टीव्ही’चे हक्क घेतले, आणि त्या पैशाच्या बळावर तुवालूने २००० च्या सप्टेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांचे सदस्यत्व घेतले. सदस्यत्वाची वर्गणी लहान देशाला फारशी नसते, पण न्यूयॉर्कमध्ये कार्यालय थाटून माणूस ठेवायचा म्हणजे अशा देशाच्या तिजोरीला भोक पडते. अर्थात या श्रीमंतीचे प्रमाण ओळखून असावे. ज्या देशाचे नाव जगभरच्या पडद्यांवर झळकत होते, त्या देशात पैसे काढण्याचे पहिले एटीएम यंत्र २०२५ च्या एप्रिलमध्ये बसले. तोवर सगळा व्यवहार रोखीचा होता आणि लोक पगाराच्या दिवशी बँकेबाहेर रांग लावत. अँग्विलाचे दैव तर आणखी मजेशीर म्हणावे लागेल. १९६७ मध्ये या बेटाने सेंट किट्सच्या सत्तेखाली राहायचे नाकारून तिथल्या पोलिसांना हाकलून दिले, १९६९ मध्ये ब्रिटनने तिथे सैनिक उतरवले, आणि अखेर १९८० मध्ये अँग्विला औपचारिकरीत्या वेगळे झाले. स्वतंत्र देश होण्याऐवजी ब्रिटनच्याच छत्राखाली राहण्यासाठी केलेला हा उठाव होता, आणि त्यातून आलेल्या वेगळ्या नावामुळेच यादीत त्यांची स्वतःची दोन अक्षरे बसली. कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट येईपर्यंत त्या अक्षरांना कुणी फारसे विचारत नव्हते.

आता नाउरूकडे वळतो, कारण देशपणाच्या विक्रीचा इतका पूर्ण आणि इतका दुःखद हिशेब दुसरीकडे मिळत नाही. एकवीस चौरस किलोमीटरचे हे लंबगोल बेट आहे, लोकसंख्या बारा हजारांच्या आसपास आहे, आणि अधिकृत राजधानी नाही. सरकारी कचेऱ्या यारेन जिल्ह्यात आहेत. १८९९ मध्ये सिडनीतल्या एका कंपनीच्या कचेरीत दार अडवण्यासाठी ठेवलेला नाउरूचा दगड अल्बर्ट एलिस यांनी तपासून पाहिला आणि तो उच्च प्रतीचे फॉस्फेट निघाला. बेट तेव्हा जर्मनीच्या ताब्यात होते. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या तिघांच्या मंडळाने खाणी हाती घेतल्या, आणि ते फॉस्फेट ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या शेतांवर बाजारभावापेक्षा स्वस्तात पडू लागले. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने सुमारे बाराशे नाउरूवासीयांना ट्रुक बेटांवर नेले; त्यांपैकी ७३७ जण ३१ जानेवारी १९४६ रोजी परत आले. बावीस वर्षांनी, त्याच तारखेला, नाउरू स्वतंत्र झाला.

स्वातंत्र्याच्या आधीचा एक प्रसंग मला या सगळ्या इतिहासाची किल्ली वाटतो. खाणींनी बेट खाऊन टाकल्यावर लोकांना राहायला जागा उरणार नाही, हे दिसत असल्यामुळे ऑस्ट्रेलियाने त्यांना क्वीन्सलंडच्या किनाऱ्याजवळचे कर्टिस बेट देऊ केले. ते नाउरूपेक्षा कितीतरी मोठे होते, हिरवे होते आणि बाजारपेठेच्या जवळ होते. पण तिथे ऑस्ट्रेलियाचे नागरिक म्हणून राहावे लागणार होते आणि स्वतंत्र सत्ता मिळणार नव्हती. हॅमर डीरॉबर्ट यांच्या नेतृत्वाखालच्या नाउरूच्या लोकांनी १९६४ मध्ये हा प्रस्ताव नाकारला. व्यवहाराच्या दृष्टीने तो वेडेपणा वाटेल. पण पुढे खाणी संपल्यावर ज्या ज्या गोष्टीवर नाउरू जगला, त्यांतली एकही कर्टिस बेटावरच्या एका वसाहतीला शक्य नव्हती.

१९७० मध्ये नाउरूने खाणी विकत घेतल्या आणि दरडोई उत्पन्नात तो जगातल्या सर्वांत श्रीमंत देशांत गणला जाऊ लागला. कर नव्हता, उपचार फुकट होते, शिक्षणासाठी मुले परदेशी जात. स्वतःची विमान कंपनी निघाली आणि तिची विमाने अर्धी-अधिक रिकामी उडत राहिली. १९७७ मध्ये मेलबर्नमध्ये बावन्न मजली नाउरू हाउस उभे राहिले, आणि लंडनमध्ये लिओनार्दो दा विंचीवरच्या एका संगीत नाटकातही या देशाचा पैसा गुंतला, जे १९९३ मध्ये आले आणि पडले. भावी पिढ्यांसाठी ठेवलेला न्यास एके काळी एक अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरच्या पुढे होता. पण तो सांभाळणारे आणि खर्च करणारे लोक एकच होते, तूट पडली की न्यासाच्या मालमत्तेवर कर्ज काढले जाई, आणि अखेर २००४ मध्ये कर्जापायी नाउरू हाउस विकावे लागले. तोवर बेटाचा सुमारे चार पंचमांश भाग खणून झाला होता. मधल्या पठारावर फॉस्फेट काढून घेतल्यावर उरलेले प्रवाळखडकांचे उंच सुळके उन्हात तापत उभे आहेत आणि त्यांच्यामधून माणसाला धड चालताही येत नाही. नुकसानभरपाईसाठी नाउरूने ऑस्ट्रेलियाला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले होते, आणि १९९३ मध्ये १०.७ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरवर तडजोड झाली.

यानंतर नाउरूकडे विकायला फक्त देशपण उरले होते. नव्वदच्या दशकात तिथे शेकडो बँका कागदोपत्री नोंदल्या गेल्या, ज्यांची ना इमारत होती ना कर्मचारी. काळ्या पैशाचा बोभाटा झाला, अमेरिकेने दट्ट्या लावला आणि ते दुकान बंद झाले. २००१ मध्ये टाम्पा या नॉर्वेजियन जहाजाने समुद्रातून वाचवलेल्या निर्वासितांना ऑस्ट्रेलियाने आपल्या भूमीवर येऊ दिले नाही आणि नाउरूने पैशाच्या बदल्यात त्यांना ठेवून घेतले. ती छावणी २००८ मध्ये बंद झाली, २०१२ मध्ये पुन्हा उघडली, आणि काही वर्षे देशाची बरीचशी जमा तिच्यावर अवलंबून होती. राजनैतिक मान्यतेचेही तेच झाले. तैवानकडून २००२ मध्ये चीनकडे, २००५ मध्ये परत तैवानकडे आणि जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा चीनकडे असा नाउरूचा प्रवास आहे. मध्यंतरी २००९ मध्ये त्याने जॉर्जियातून फुटलेल्या अबखाझिया आणि दक्षिण ओसेतिया यांनाही मान्यता देऊन टाकली. नाउरूने पुरस्कृत केलेली एक कंपनी प्रशांत महासागराच्या तळावरचे धातूंचे गोळे काढण्याच्या तयारीत आहे, आणि पारपत्राची विक्रीही अलीकडे सुरू झाली आहे. या सगळ्याला नावे ठेवणे सोपे आहे. ज्यांनी सहा दशके हे बेट खणून नेले, त्यांनी मात्र ती ठेवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

नाउरूपासून तीनशे किलोमीटर पूर्वेला बनाबा हे दुसरे फॉस्फेटचे बेट आहे, जे आज किरिबाटीत मोडते, आणि तिथल्या पैशाची कथा वेगळी घडली. १९५६ मध्ये वसाहतीच्या प्रशासनाने खाणीच्या उत्पन्नातला वाटा बाजूला काढून एक राखीव निधी उभारला. १९७९ मध्ये फॉस्फेट संपले आणि त्याच वर्षी किरिबाटी स्वतंत्र झाला, तेव्हा हातात खाण नव्हती, पण परदेशी रोख्यांत गुंतवलेला निधी होता. सरकारने मधूनमधून त्यातून उचल केली, पण मुद्दलाचा गळा घोटला नाही, आणि आज तो एक अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर आहे. या शहाणपणाला एक काळी किनार आहे, तीही सांगायला हवी. बनाबाच्या मूळ रहिवाशांना १९४५ मध्येच फिजीतल्या राबी बेटावर हलवले गेले होते. त्यांच्या जमिनीतून निघालेल्या पैशाने इतर बेटांचे प्रशासन चालले, आणि त्यांनी सत्तरच्या दशकात लंडनच्या न्यायालयात लढवलेल्या प्रदीर्घ दाव्यात त्यांच्या हाती फारसे काही लागले नाही.

तुवालूचा १९८७ चा न्यास मला या सगळ्यांत अधिक विचारपूर्वक रचलेला वाटतो. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, ब्रिटन आणि स्वतः तुवालू यांनी मिळून सुमारे २.७ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर घातले आणि संचालक मंडळात देणगीदारांचेही प्रतिनिधी बसवले. महागाई वजा जाता मुद्दलाची किंमत कायम राहत असेल, तरच वरचा नफा दुसऱ्या खात्यात जातो आणि सरकारला हात घालता येतो तो फक्त त्या दुसऱ्या खात्यात. पंतप्रधान कितीही अडचणीत असला तरी त्याला मूळ रकमेला हात लावता येत नाही. नाउरूनेही २०१५ मध्ये नवा न्यास स्थापला तेव्हा बाहेरचे प्रतिनिधी बसवण्याची हीच युक्ती उचलली. आपल्याच पैशाच्या किल्ल्या शेजाऱ्याकडे ठेवण्याची ही व्यवस्था स्वाभिमानाला टोचणारी आहे, पण जिथे मतदार, मंत्री आणि ठेकेदार एकाच मोठ्या गोतावळ्यातले असतात, तिथे नाही म्हणण्याचे काम परक्यावर सोपवणेच बरे, हे तिथल्या लोकांना आपल्यापेक्षा चांगले कळते.

युरोपातले छोटे देश श्रीमंत असल्यामुळे त्यांच्याकडे आपण वेगळ्या नजरेने पाहतो, पण त्यांचेही मूळ हेच आहे. मोनाकोच्या राजाने १८६१ मध्ये मेंतोन आणि रोकब्रून ही गावे, म्हणजे राज्याचा बहुतांश भाग, फ्रान्सला सोडून दिला आणि उरलेल्या खडकावर १८६३ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीमार्फत जुगारगृह नावारूपाला आणले, कारण फ्रान्समध्ये जुगाराला बंदी होती. १८६९ मध्ये रहिवाशांवरचा कर रद्द झाला. आज तिजोरीत जुगाराचा वाटा किरकोळ असून सर्वांत मोठा वाटा मूल्यवर्धित कराचा आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. मात्र १९६२ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष द गोल यांना तिथली करसवलत खुपली तेव्हा त्यांनी सीमेवर जकातीची चौकी उभारली, आणि पुढच्याच वर्षी मोनाकोने तिथे राहणाऱ्या फ्रेंच नागरिकांवर फ्रान्सचा कर लागू होऊ दिला.

लिश्टेनश्टाइनने यातून एक पाऊल पुढे टाकले. ऑस्ट्रियाचे साम्राज्य कोसळल्यावर त्याने १९२३ मध्ये स्वित्झर्लंडशी जकात करार केला, फ्रँक हे चलन घेतले, १९२६ मध्ये परक्या भांडवलाला सोयीचा कंपनी कायदा केला आणि बराच काळ गुप्त ठेवींवर हात मारला. २००८ मध्ये तिथल्या एका बँकेतली खातेदारांची यादी जर्मन सरकारच्या हाती पडली, गहजब झाला, आणि पुढच्याच वर्षी करविषयक माहिती देण्याचे मान्य करावे लागले. देश तरीही डगमगला नाही, कारण दरम्यान तिथे खरेखुरे कारखाने उभे राहिले होते. शानमधल्या हिल्टीची छिद्रयंत्रे जगभर बांधकामांवर दिसतात आणि कृत्रिम दातांच्या धंद्यातही या देशाचे मोठे नाव आहे. चाळीस हजार लोकवस्तीच्या या देशात साधारण तितक्याच नोकऱ्या आहेत आणि त्यांतल्या अर्ध्याहून अधिक सीमेपलीकडून रोज ये-जा करणारे लोक करतात. स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकीत मताधिकार मात्र थेट १९८४ मध्ये मिळाला, तोही पुरुषांच्या निसटत्या बहुमताने. सान मारिनोबद्दल एवढेच सांगतो, की तिथे राष्ट्रप्रमुख एक नसून दोन असतात, त्यांची मुदत सहा महिन्यांची असते, आणि पायउतार झाल्यावर नागरिकांना त्यांच्या कारभाराविरुद्ध तक्रार नोंदवता येते. लहान गावात सत्ता कुणाच्या अंगात भिनू नये म्हणून शोधलेला हा उपाय शेकडो वर्षे टिकला आहे.

मोनाको असो वा नाउरू, एक धोका सारखाच आहे. देशपणाच्या मालाला गिऱ्हाईक लागते ते दुसऱ्या देशांच्या मान्यतेने, आणि ती मान्यता एका सहीने काढून घेता येते. सेंट किट्सने १९८४ मध्येच नागरिकत्व विकायला सुरुवात केली होती. २००५ मध्ये तोट्यातला साखर उद्योग बंद झाल्यावर तो व्यवहार देशाचा आधार बनला. पण असे पारपत्र लोक घेतात ते युरोपात व्हिसाविना शिरता यावे म्हणून. प्रशांत महासागरातल्या वानुआटूची पारपत्रे फार सैल हाताने वाटली जात आहेत, असे युरोपीय संघाला वाटले तेव्हा त्याने २०२२ मध्ये ही सवलत स्थगित केली आणि २०२४ च्या अखेरीस कायमची काढून घेतली. खऱ्याखुऱ्या मालाला हा धोका नसतो, असेही नाही. ब्रिटनच्या ताब्यातल्या सेंट हेलेना बेटावर न्यूझीलंड फ्लॅक्स या झुडपाच्या पानांपासून दोर आणि सुतळी बनवण्याचा धंदा अर्धशतकाहून अधिक काळ चालला होता. १९६६ मध्ये ब्रिटिश टपाल खात्याने पिशव्या बांधायला कृत्रिम धागा वापरायचे ठरवले आणि बेटाचा एकमेव उद्योग मोडला. ती झुडपे आजही डोंगरउतारांवर रान माजवून उभी आहेत.

मग आपले देशपण पूर्ण करून घेण्याची संधी चालून आली, तर लोक ती हटकून घेतीलच, असे वाटते. टोकेलाऊने ती दोनदा नाकारली. न्यूझीलंडच्या अखत्यारीतली ही तीन प्रवाळबेटे आहेत, वस्ती पंधराशेच्या आसपास आहे, विमानतळ नाही, आणि सामोआतल्या आपियाहून बोटीने तिथे पोहोचायला एक दिवसाहून अधिक लागतो. प्रत्येक बेटाचा कारभार वडीलधाऱ्यांची सभा पाहते आणि प्रमुखपद दरवर्षी एका बेटाकडून दुसऱ्याकडे जाते. न्यूझीलंडशी सहबद्ध राहून स्वशासन घ्यावे का, यावर संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली २००६ मध्ये मतदान झाले, तेव्हा दोन तृतीयांशांची अट पूर्ण झाली नाही. २००७ मध्ये पुन्हा झाले, तेव्हा ६९२ पैकी ४४६ मते बाजूने पडली आणि अवघी सोळा मते कमी पडली. न्यूझीलंडला आणि संयुक्त राष्ट्रांच्या वसाहतमुक्ती समितीला हा निकाल पेचात टाकणारा होता. मला तो समजण्यासारखा वाटतो. टोकेलाऊचे बहुसंख्य लोक न्यूझीलंडमध्ये राहतात, बेटावरच्या माणसाच्या खिशात न्यूझीलंडचे पारपत्र आहे, आणि दवाखान्यापासून बोटीपर्यंत सगळे त्याच नात्यावर चालते. हे नाते सैल करून हाती येणारे देशपण विकून काय मिळेल, याचा हिशेब त्यांनी केला असावा. १९७४ पासून तसेच स्वशासन भोगणाऱ्या न्युए बेटावर आज दोन हजारही लोक उरलेले नाहीत, हेही त्यांच्या डोळ्यांसमोर होते.

बर्ट्राम आणि वॉटर्स या अभ्यासकांनी १९८५ मध्ये अशा बेटांची अर्थव्यवस्था स्थलांतर, परदेशातून येणारा पैसा, मदत आणि सरकारी नोकऱ्या या चार खांबांवर उभी असते, असे मांडले होते. त्यातल्या पहिल्या खांबाची आज तुवालूत नव्याने पायाभरणी होते आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये सही झालेल्या आणि पुढच्या वर्षी लागू झालेल्या फालेपिली करारानुसार दरवर्षी २८० तुवालूवासीयांना ऑस्ट्रेलियात कायम राहायला जाता येते. २०२५ च्या पहिल्या सोडतीसाठी कुटुंबीय धरून आठ हजारांहून अधिक जणांची नावे आली, म्हणजे देशातल्या बहुतेकांची. मोबदल्यात तुवालूला संरक्षण, पोलीस, बंदरे, दूरसंचार अशा विषयांत तिसऱ्या देशाशी करार करताना ऑस्ट्रेलियाची संमती घ्यावी लागेल. पंतप्रधान फेलेती तेओ हे २०२४ मध्ये निवडून येण्यापूर्वी पश्चिम व मध्य प्रशांत महासागराच्या मत्स्य आयोगाचे कार्यकारी संचालक होते, तेव्हा समुद्राची किंमत त्यांना कुणी समजावून सांगायला नको.

त्या समुद्राच्या मालकीसाठीच आता खटपट चालली आहे. जमीन बुडाली तर तिच्याभोवतीचे २०० मैल कुणाचे, हा प्रश्न ओळखून प्रशांत महासागरातल्या देशांनी २०२१ मध्ये एकत्र जाहीर केले, की एकदा नोंदवलेल्या सागरी हद्दी पाणी वाढले तरी बदलणार नाहीत. २०२३ मध्ये तुवालूने आपल्या राज्यघटनेतच लिहून टाकले, की हवामानबदलाने भूमीचे काहीही झाले तरी देश कायम राहील. फालेपिली करारात ऑस्ट्रेलियानेही ते मान्य केले. जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दिलेल्या सल्लामतात, एकदा स्थापन झालेल्या राज्याचा एखादा घटक नाहीसा झाल्याने त्याचे राज्यत्व संपतेच असे नाही, अशी भूमिका घेतली. ते मत कुणावर बंधनकारक नाही. तूर्त तरी दूरवरच्या मासेमारी बोटींचे मालक दिवसाचा भाव भरत आहेत.